विश्लेषण : एकच सर्किट, शेकडो स्टेशने… रेडिओ घडवणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँग यांना न्याय का मिळाला नाही?

ठाण्याहून सीएसएमटीकडे निघालेल्या लोकलमध्ये तुम्ही फोनवर बोलत असता, तेव्हा तुमचा फोन वाटेत कितीदा बँड बदलतो हे तुमच्या लक्षातही येत नाही. कधी ९०० मेगाहर्ट्झ, कधी १८००, कधी २३०० आणि ५जी असेल तर ३३०० च्या वर. प्रत्येक बँडसाठी वेगळा रेडिओ बसवत गेलो तर फोन खिशात मावणार नाही. म्हणून आतले सर्किट क्षणार्धात स्वतःची जुळणी बदलते. इंजिनीअरिंगच्या भाषेत याला पुनर्रचनाक्षम, म्हणजे रिकॉन्फिगरेबल सर्किट म्हणतात. शब्द नवा असला तरी त्यामागची युक्ती १९१८ सालची आहे आणि ती पॅरिसमध्ये तैनात असलेल्या एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने सर्किटात उतरवली. त्यांचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. रेडिओतले तीन मोठे शोध त्यांच्या नावावर आहेत. त्यातल्या एकावरचा हक्क न्यायालयाने काढून घेतला, दुसऱ्याची पेटंटे बहुतांशी इतरांकडे गेली आणि तिसऱ्याची लढाई जिंकली तेव्हा ते हयात नव्हते. हे असे का झाले?

कोण होते आर्मस्ट्राँग?

जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत नोकरीला होते, आई शिक्षिका राहिलेली. आठेक वर्षांचे असताना त्यांना ‘सेंट व्हायटस डान्स’ नावाने ओळखला जाणारा मज्जासंस्थेचा आजार झाला. शाळा दोन वर्षे सुटली. खांदा आणि चेहरा मधूनच झटका बसल्यासारखा हलायचा. ही सवय आयुष्यभर राहिली. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावात राहायला गेले. तिथे पोटमाळ्यावरच्या खोलीत त्यांचा वायरलेसचा संसार सुरू झाला. घराबाहेर त्यांनी १२५ फूट उंच अँटेनाचा खांब स्वतः उभारला. त्यावर चढण्यासाठी त्यांना निमित्त लागत नसे.

१९०९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. घर ते कॉलेज हा प्रवास लाल ‘इंडियन’ मोटारसायकलवरून. प्राध्यापकांमध्ये मायकेल प्युपिन यांच्यासारखा नामांकित संशोधक होता. वर्गात शिकवलेले जसेच्या तसे मान्य न करणारा हा विद्यार्थी काही शिक्षकांना खटकायचा, पण प्युपिन त्यांच्या पाठीशी राहिले.

पहिला शोध : आउटपुट पुन्हा इनपुटला

त्या काळात रेडिओ ऐकणे म्हणजे कानाला हेडफोन लावून अगदी क्षीण टिकटिक टिपणे. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी ‘ऑडिऑन’ नावाची तीन इलेक्ट्रोडची व्हॅक्यूम ट्यूब बनवली होती. ती सिग्नल ओळखत असे आणि थोडा मोठाही करत असे. ती काम का करते, हे मात्र नीट कोणालाच उमगले नव्हते, खुद्द डी फॉरेस्ट यांनाही. आर्मस्ट्राँग यांनी तिचा वर्तणुकीचा आलेख मोजून काढला आणि १९१२ मध्ये, कॉलेजात असतानाच, एक वेगळी जोडणी करून पाहिली. ट्यूबमधून बाहेर पडलेल्या मोठ्या सिग्नलचा काही भाग त्यांनी पुन्हा आत पाठवला.

गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर गेला की जो कर्कश आवाज उठतो, तो याच फीडबॅकचा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि प्रत्येक फेरीत तो वाढत जातो. आर्मस्ट्राँग यांनी ही फेरी आवाज फुटण्याच्या जरा अलीकडे रोखून धरली. एकाच ट्यूबमधून सिग्नल कित्येक पट मोठा झाला. अटलांटिकपलीकडची स्टेशने याँकर्सच्या पोटमाळ्यावर ऐकू येऊ लागली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. फीडबॅकचे बटण आणखी थोडे फिरवले की हेच सर्किट स्वतःच रेडिओ लहरी तयार करू लागते. म्हणजे अलीकडे ठेवले तर रिसीव्हर, पलीकडे नेले तर ट्रान्समीटर. सुटे भाग तेच, तारा त्याच, फक्त एका बटणाची जागा वेगळी. एका सर्किटाकडून जुळणी बदलून दोन कामे करून घेण्याचे इतके स्वच्छ उदाहरण त्याआधी क्वचितच सापडेल.

पेटंटसाठी पैसे हवे होते. वडिलांनी आधी पदवी, मग पैसे अशी अट घातली. एका मामाने मात्र व्यवहारी सल्ला दिला : निदान आकृती काढून तिच्यावर नोटरीचा शिक्का तरी मारून घे. ३१ जानेवारी १९१३ चा तो शिक्का. प्रत्यक्ष अर्ज त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर दाखल झाला आणि पेटंट ६ ऑक्टोबर १९१४ रोजी मिळाले. त्या पहिल्या अर्जात भर रिसीव्हरवर होता. लहरी निर्माण करण्याच्या गुणाचा अर्ज वेगळा आणि नंतरचा. या फटीतून पुढे २० वर्षांचा खटला आत शिरला.

दरम्यान, १९१४ च्या जानेवारीअखेर न्यू जर्सीतल्या बेलमार इथल्या मार्कोनी कंपनीच्या केंद्रावर एक चाचणी झाली. कंपनीचा तरुण तपासनीस आर्मस्ट्राँग यांच्यासोबत रात्रभर थंडीत बसला आणि दोघांनी आयर्लंडपासून होनोलुलूपर्यंतचे सिग्नल टिपले. तपासनिसाचे नाव डेव्हिड सार्नोफ. पुढे तो आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीचा प्रमुख झाला. या गोष्टीतला खलनायक त्यालाच करण्याचा मोह होतो, पण सुरुवात तरी मैत्रीची होती.

पॅरिसमध्ये काय सुचले?

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि आर्मस्ट्राँग सिग्नल कोअरचे अधिकारी म्हणून फ्रान्सला गेले. शत्रूचे उच्च फ्रिक्वेन्सीचे संदेश पकडायचे होते आणि ते फार क्षीण असत. तेव्हाच्या ट्यूब कमी फ्रिक्वेन्सीला उत्तम चालायच्या. फ्रिक्वेन्सी वाढली की ट्यूबच्या आतल्या इलेक्ट्रोडमधूनच सिग्नल गळायचा आणि अॅम्प्लिफायर एक तर कमकुवत व्हायचा किंवा बेभान होऊन शिट्टी मारायचा. बॉम्बहल्ल्याच्या रात्री त्यांच्या मनात आणखी एक प्रश्न आला : विमानाच्या इंजिनातल्या ठिणग्यांमुळे उठणाऱ्या अतिउच्च फ्रिक्वेन्सीच्या लहरी पकडून विमान हेरता येईल का?

उत्तर असे की, उच्च फ्रिक्वेन्सीवर काम करणारा अॅम्प्लिफायर बनवण्याच्या नादाला लागायचेच नाही. सिग्नललाच खाली, आपल्याला सोयीच्या फ्रिक्वेन्सीवर आणायचे.

हे कसे? तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की त्यांच्यात एक संथ लाट ऐकू येते. ती लाट म्हणजे दोन स्वरांमधला फरक. रेडिओत हेच करायचे, पण दोन लहरी नुसत्या बेरजेने एकत्र करून भागत नाही. त्यांचा गुणाकार व्हावा लागतो, म्हणजे सर्किटमध्ये असा घटक हवा की ज्याचे आउटपुट इनपुटच्या सरळ प्रमाणात नसते. ट्यूबचा हा वाकडा स्वभाव एरवी दोष मानला जाई, इथे तोच उपयोगी पडला. गुणाकारातून दोन नव्या फ्रिक्वेन्सी निघतात, एक बेरजेची आणि एक वजाबाकीची. वजाबाकीची ठेवायची, बाकी फिल्टरने गाळून टाकायची.

आपल्या एफएम रेडिओचे उदाहरण घ्या. ९८.३ मेगाहर्ट्झचे स्टेशन लावले की रेडिओच्या आतला छोटा ऑसिलेटर १०९.० मेगाहर्ट्झची लहर तयार करतो. दोन्हींचा फरक १०.७. पुढे ९१.१ चे स्टेशन लावले तर ऑसिलेटर १०१.८ वर येतो. फरक पुन्हा १०.७ च. म्हणजे स्टेशन कोणतेही असो, अवघड काम करणारे फिल्टर आणि अॅम्प्लिफायर १०.७ मेगाहर्ट्झवर एकदाच, नीट, स्वस्तात बनवून ठेवायचे. आपण बटण फिरवतो तेव्हा मुख्यतः ऑसिलेटर हलतो. या पद्धतीचे नाव सुपरहेटरोडाइन. दोन लहरी मिसळून ऐकू येईल असा फरक काढण्याची ‘हेटरोडाइन’ कल्पना रेजिनाल्ड फेसेंडेन यांची, शतकाच्या सुरुवातीची. आर्मस्ट्राँग यांनी तो फरक कानाला ऐकू येईल इतका खाली न आणता मधल्या पायरीवर थांबवला आणि तिथे सगळी ताकद लावली. इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या तोंडी परीक्षेत ज्याची ब्लॉक डायग्रॅम हमखास काढायला लावतात, ती हीच पायरी.

या युक्तीला किंमत मोजावी लागतेच. ऑसिलेटर १०९.० वर असताना ११९.७ मेगाहर्ट्झचा सिग्नलही नेमका १०.७ चाच फरक देतो आणि ११९.७ हा विमान आणि नियंत्रण कक्ष यांच्या संभाषणाच्या पट्ट्यातला आकडा आहे. म्हणून मिक्सरच्या आधी एक फिल्टर लावून ही ‘प्रतिमा’ रोखावी लागते. दुसरी अडचण आणखी मजेची. रेडिओच्या आतला ऑसिलेटर थोडा बाहेरही झिरपतो आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ हा विमानांच्या दिशादर्शक यंत्रणेचा पट्टा आहे. विमानात एफएम रेडिओ लावू देत नाहीत त्यामागे हे गणित आहे.

याच सुमारास फ्रान्समध्ये ल्यूसियाँ लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉटकी यांनाही जवळपास हेच सुचले होते. आर्मस्ट्राँग यांचे अमेरिकी पेटंट १९२० चे, पण नंतरच्या पेटंट वादात त्यातले बहुतेक दावे लेव्ही आणि इतरांच्या पदरात पडले. प्रत्यक्ष चालणारा रिसीव्हर सर्वांसमोर मांडण्याचे श्रेय मात्र आर्मस्ट्राँग यांच्याकडे राहिले आणि आजही दिले जाते.

पैसा, मनोरा आणि मॅरियन

युद्धाहून परतलेल्या मेजर आर्मस्ट्राँग यांच्याकडे पैसा अक्षरशः चालत आला. १९२० मध्ये वेस्टिंगहाऊसने फीडबॅक आणि सुपरहेटरोडाइनच्या हक्कांसाठी ३ लाख ३५ हजार डॉलर मोजले. १९२२ मध्ये ‘सुपररीजनरेशन’ या आणखी एका सर्किटासाठी आरसीएने २ लाख डॉलर आणि ६० हजार शेअर दिले. ते आरसीएचे सर्वांत मोठे व्यक्तिगत भागधारक झाले. सुपरहेटरोडाइन घरात वापरण्याजोगा करण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह ट्यूबची संख्या कमी केली, स्टेशन लावण्याची पद्धत सोपी केली, आणि १९२४ मध्ये आरसीएचा सुपरहेटरोडाइन रेडिओ बाजारात आला. घरातल्या कोणालाही स्टेशन लावता येईल असा.

सार्नोफ यांच्या कार्यालयात मॅरियन मॅकइनिस नावाच्या सचिव होत्या. आर्मस्ट्राँग त्यांच्या प्रेमात पडले. १९२३ मध्ये ते न्यूयॉर्कमधल्या आरसीएच्या रेडिओ मनोऱ्यावर चढले, अगदी टोकाच्या गोलावर उभे राहिले आणि तिथले फोटो त्यांनी मॅरियनना पाठवले. सार्नोफ भडकले. मनोऱ्यावर चढायला मनाई झाली, लग्न मात्र त्याच वर्षी १ डिसेंबरला झाले. लग्नाची भेट म्हणून मॅरियनना मिळाला एक पेटीएवढा पोर्टेबल सुपरहेटरोडाइन रेडिओ, नवऱ्याने स्वतः बनवलेला. समुद्रकिनाऱ्यावर तो घेऊन बसलेल्या दोघांचा फोटो प्रसिद्ध आहे.

न्यायालयात काय झाले?

डी फॉरेस्ट यांचे म्हणणे असे की, फीडबॅक आपल्याला आधी सापडला होता. पुरावा म्हणून ऑगस्ट १९१२ मधली वहीतली नोंद. टेलिफोनचा अॅम्प्लिफायर तपासताना सर्किटमधून शिट्टी उठली होती, असे त्यात होते. तेव्हा ती शिट्टी त्रासदायक मानून ती घालवण्याचा प्रयत्न झाला होता. तिचा रेडिओसाठी उपयोग करावा असे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. खालच्या न्यायालयात आर्मस्ट्राँग जिंकले, नंतर हरले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पुन्हा उभे राहिले. मे १९३४ मध्ये न्या. बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिलेल्या निकालाने हक्क अखेर डी फॉरेस्ट यांना दिला.

रेडिओ इंजिनीअरांच्या जगात हा निकाल चुकीचा मानला गेला आणि आजही बहुतेक जण तसेच मानतात. शिट्टी ऐकणे आणि शिट्टीच्या अलीकडे सर्किट रोखून धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हातात सोल्डरिंग आयर्न धरलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. न्यायालयापुढे मात्र प्रश्न तारखेचा होता. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाला रेडिओ इंजिनीअरांच्या संस्थेचे अधिवेशन भरले होते. या संस्थेने फीडबॅकसाठीच आर्मस्ट्राँग यांना आपले पहिले मानपदक दिले होते. ते पदक परत करायला गेले. संस्थेने ते घ्यायला नकार दिला, मूळ सन्मान पुन्हा जाहीर केला आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

एफएम : खरखर घालवण्यासाठी उलटा विचार

पावसाळ्याच्या तोंडावर मीडियम वेव्ह ऐकलेल्यांना वीज चमकली की रेडिओत होणारा कडकडाट आठवत असेल. एएम प्रसारणात आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलते आणि विजेचा, मोटारीच्या ठिणगीचा अडथळाही उंचीतच मिसळतो. दोन्ही वेगळे करणार कसे? मग उंचीऐवजी फ्रिक्वेन्सी बदलावी, ही एफएमची कल्पना जुनीच होती. पण एटी अँड टी कंपनीचे गणितज्ञ जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले होते की, एफएममुळे कमी जागा लागत नाही, उलट आवाज बिघडतो. गणित बरोबर होते. फक्त ते अरुंद पट्ट्यासाठी होते, कारण जितका पट्टा अरुंद तितका गोंगाट कमी, हेच तेव्हा सर्वमान्य होते.

आर्मस्ट्राँग यांनी पट्टा रुंद केला. थोडाथोडका नाही. एएम स्टेशनाला साधारण १० किलोहर्ट्झची जागा पुरते, आज एका एफएम स्टेशनाला २०० किलोहर्ट्झ दिली जाते. १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज वाहून नेण्यासाठी फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुलवायची, म्हणजे ५ पट. रिसीव्हरमध्ये आधी लहरीची उंची सपाट छाटून टाकायची, त्यासोबत विजेचा कडकडाट जातो, आणि मग फक्त झोके मोजायचे. झोके जितके मोठे तितका उरलासुरला गोंगाट त्यांच्यापुढे किरकोळ ठरतो. सिग्नल एका किमान पातळीच्या वर असला पाहिजे, एवढीच अट.

अशी लहर तयार करण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. ऑसिलेटर सरळ हलवला तर तो जागेवरून घसरतो. म्हणून त्यांनी पक्क्या क्रिस्टल ऑसिलेटरची लहर घेतली, तिच्यात आवाजातून तयार केलेली आणि पाव आवर्तनाने सरकवलेली दुसरी लहर मिसळली. त्यातून अगदी बारीक झोका मिळतो. मग तो गुणत गुणत हजारो पट मोठा करायचा आणि मध्ये मिक्सर लावून मुख्य फ्रिक्वेन्सी हवी तिथे आणायची. पाठ्यपुस्तकांत ही रीत आर्मस्ट्राँग पद्धत म्हणूनच शिकवतात. लहरी एकत्र करणे, सरकवणे, गुणणे, गाळणे : त्यांचे सगळे आयुष्य या चार क्रियांत गेले.

एफएमची पेटंटे २६ डिसेंबर १९३३ रोजी मिळाली. पहिली मोठी चाचणी ९ जून १९३४ ला झाली, म्हणजे सर्वोच्च न्यायालयातल्या पराभवानंतर काही दिवसांतच. सार्नोफ यांनी एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ८५ व्या मजल्यावरची जागा दिली आणि सुमारे ११० किलोमीटर दूर लाँग आयलंडवर स्वच्छ आवाज ऐकू आला. नोव्हेंबर १९३५ मध्ये इंजिनीअरांच्या सभेत त्यांनी याँकर्समधल्या मित्राच्या घरातून प्रसारण करून दाखवले. कागद चुरगाळल्याचा, ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज श्रोत्यांना समोर घडावे तसा ऐकू आला.

मैत्री कुठे तुटली?

सार्नोफ यांना हवी होती एएम रेडिओला लावून खरखर घालवणारी एखादी डबी. आर्मस्ट्राँग यांनी आणून दिली एक संपूर्ण नवी व्यवस्था. नवे ट्रान्समीटर, नवे रिसीव्हर, नवा फ्रिक्वेन्सी पट्टा. आरसीएचा सगळा पैसा एएम केंद्रांत गुंतलेला आणि पुढचा पैसा टीव्हीसाठी राखलेला. १९३५ च्या एप्रिलमध्ये आर्मस्ट्राँग यांना एम्पायर स्टेटवरची यंत्रसामग्री हलवायला सांगण्यात आले. तिथे टीव्हीची चाचणी होणार होती. धंद्याच्या हिशेबात सार्नोफ यांचे वागणे समजते. पण ज्याच्या शोधांवर कंपनी मोठी झाली त्याच्याशी ते शोभणारे होते, असे म्हणवत नाही.

आर्मस्ट्राँग यांनी स्वतःचे ३ लाखांहून अधिक डॉलर घालून हडसनच्या पश्चिम काठावर अल्पाइन इथे ४२५ फुटी मनोरा उभारला. १९३९ मध्ये तिथून नियमित एफएम प्रसारण सुरू झाले. कोलंबियात ते प्राध्यापक होते आणि वर्षाला नाममात्र १ डॉलर पगार घेत. १९४१ च्या १ जानेवारीपासून अमेरिकेत व्यावसायिक एफएमला परवानगी मिळाली, ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. जनरल इलेक्ट्रिक, झेनिथसारख्या कंपन्या रॉयल्टी देत होत्या. आरसीएने १९४० मध्ये एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले, पुढे रॉयल्टी नाही. आर्मस्ट्राँग यांनी नकार दिला. लहान कंपन्या हप्ते भरत असताना सर्वांत मोठीला सूट का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. त्यांनी होकार दिला असता तर पुढचे काहीच घडले नसते, हेही तितकेच खरे. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्यांनी आपली एफएम पेटंटे अमेरिकी सैन्याला विनामूल्य वापरू दिली.

१९४५ मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाने एफएमचा पट्टा उचलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला. कारण दिले वातावरणातून परावर्तित होणाऱ्या लहरींच्या अडथळ्याचे. आर्मस्ट्राँग यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. लोकांच्या घरातले लाखो एफएम संच एका आदेशाने निकामी झाले. प्रसारण केंद्रांना पुन्हा खर्च करावा लागला. आणि याच काळात टीव्हीच्या आवाजासाठी अमेरिकेने एफएमच प्रमाण मानले होते. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक आरसीए टीव्हीत एफएम होते आणि त्याबद्दल शोधकाला काहीही मिळत नव्हते. आपली एफएम रचना वेगळी आहे, असा आरसीएचा दावा होता.

शेवटची लढाई

जुलै १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आरसीए आणि एनबीसीवर खटला भरला. आरसीएच्या वकिलांना घाई नव्हती. साक्षी, कागद, उलटतपासण्या वर्षानुवर्षे चालल्या. एफएम पेटंटांची मुदत १९५० च्या डिसेंबरात संपली आणि रॉयल्टी थांबली, वकिलांचा खर्च थांबला नाही. सार्नोफ यांनी साक्षीत एफएमच्या वाढीचे श्रेय आपल्या कंपनीकडे घेतले, तेव्हा समोर बसलेल्या माणसाला काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

१९५३ च्या नोव्हेंबरात पैशांवरून घरात भांडण झाले. निवृत्तीसाठी मॅरियन यांच्या नावे ठेवलेले पैसे खटल्यासाठी हवे होते, त्या नाही म्हणाल्या. रागाच्या भरात आर्मस्ट्राँग यांनी त्यांच्यावर हात उगारला, त्यांना इजा झाली. मॅरियन बहिणीकडे कनेक्टिकटला निघून गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आर्मस्ट्राँग यांनी पत्नीला माफी मागणारे पत्र लिहिले आणि न्यूयॉर्कच्या राहत्या घरी आयुष्य संपवले. ते ६३ वर्षांचे होते. नोटरीच्या त्या शिक्क्याला त्या दिवशी ४१ वर्षे झाली होती.

खटले मॅरियन यांनी पुढे चालवले. आरसीएने वर्षाच्या आतच तडजोड केली. रक्कम होती १० लाख डॉलरहून थोडी अधिक, म्हणजे १९४० मध्ये नाकारलेल्या रकमेच्या आसपास. इतर कंपन्यांविरुद्धचे दावे एकेक करत त्यांनी जिंकले किंवा तडजोडीने सोडवले. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ मध्ये संपला. भारतात एफएम प्रसारण सुरू झाले ते त्यानंतर, १९७७ मध्ये, आकाशवाणीच्या मद्रास केंद्रावरून.

आजच्या चिपमध्ये ते कुठे आहेत?

फोनमधला रिसीव्हर आता सहसा मधल्या पायरीवर थांबत नाही. ऑसिलेटर स्टेशनच्याच फ्रिक्वेन्सीवर ठेवतात आणि सिग्नल एका उडीत शून्यावर आणतात. एकमेकींपासून पाव आवर्तनाने सरकलेल्या दोन लहरींनी तो दोनदा गुणतात, म्हणजे माहिती हरवत नाही. ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी बटणाऐवजी सॉफ्टवेअर ठरवते. पुढचे काम डिजिटल. गुणाकार तोच, १९१८ चा.

अडते ते फिल्टरवर. फोनमध्ये आजही बँडागणिक वेगळे फिल्टर आणि त्यांच्यात निवड करणारे स्विच भरावे लागतात, कारण हव्या त्या फ्रिक्वेन्सीला सरकणारा धारदार फिल्टर बनवणे फार अवघड आहे. त्यावरचा एक उपाय संशोधकांना मिक्सरमध्येच सापडला आहे. वेगाने उघडझाप करणाऱ्या स्विचमागे साधे, कमी फ्रिक्वेन्सीचे कपॅसिटर लावले की तो फिल्टर स्विचच्या वेगाएवढ्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसतो. क्लॉक बदला, फिल्टर सरकतो. आर्मस्ट्राँग यांनी सिग्नल फिल्टरपाशी आणला होता, इथे फिल्टर सिग्नलपाशी जातो. गणित एकच.

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये ३० अँटेनांचे सिग्नल एकत्र केले जातात. प्रत्येक अँटेना ४५ मीटर व्यासाची. अद्ययावत केलेल्या यंत्रणेत १२० ते १४५० मेगाहर्ट्झमधले वेगवेगळे पट्टे निवडता येतात आणि पट्ट्यातला नको तो भाग वगळण्यासाठी स्विचने बदलता येणारे फिल्टर आहेत. आकाशातून येणारा तो सिग्नल इतका क्षीण असतो की १९१८ च्या पॅरिसमधली अडचण त्यापुढे काहीच नाही.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचे अँटेना कोसळले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही केंद्रांनी याच मनोऱ्यावरून प्रसारण पुन्हा सुरू केले. २००५ च्या जूनमध्ये तिथून ४२.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे १९४५ मध्ये रद्द झालेल्या जुन्या पट्ट्यात, स्मरण म्हणून एक खास एफएम प्रसारण करण्यात आले. घरातल्या नेहमीच्या एफएम रेडिओवर ते लागणार नव्हते. ते ऐकू आले ज्यांनी युद्धापूर्वीचे संच जपून ठेवले होते त्यांना, आणि ज्यांचा रिसीव्हर कोणत्याही फ्रिक्वेन्सीला जुळवून घेऊ शकत होता त्यांना.